लांबीला पुरत नाही

सांगली-साताऱ्याकडं पुरुषाच्या अंगाचं माप तालमीनं ठरवलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. त्यामुळं आमच्याकडं अंग म्हटलं की आखूड मान, रुंद खांदे आणि मोडलेले कान. खाशाबा ५७ किलोच्या वजनगटात खेळायचे हे कुणी ध्यानात घेत नाही. सहा फूट दोन इंच उंची आणि बासष्ट किलो वजन घेऊन तुम्ही या मुलखात हिंडलात तर तुमचं नाव ठरलेलं असतं, काडीपैलवान.

जाड माणसाला तोंडावर जाड म्हणायला लोक हल्ली जरा कचरतात. बारीक माणसाला बारीक म्हणणं मात्र अजून काळजीत मोडतं. कुणाकडं गेलं की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत आत्या विचारते, "खातोस का न्हाईस रं काय?" मग केळी-दूध, खारीक, अश्वगंधा. एखादी धीट मामी चारचौघांत जंताच्या औषधाचंही विचारते. वर, "एवढी उंची दिली देवानं, जरा अंग धरलं असतंस तर..." हे वाक्य आजवर कुणी पुरं केलेलं नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हेच आकड्यांत भेटतं. उंची १६५ सेंटिमीटर लागते, तिथं लंबू हसत पास. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जादा, इथं मात्र त्याचा श्वास खरोखरच अडकतो. पहाटे मैदानावर जोर काढणाऱ्यांत एक तरी असा असतोच, धावण्यात सगळ्यांच्या पुढं आणि टेपपुढं घामाघूम.

कपड्यांच्या दुकानातही सगळा कारभार छातीचाच. शर्टाच्या कॉलरमागं जो ३८, ४०, ४२ असा आकडा असतो, तो बऱ्याचदा छातीवरनं येतो. हिशेब असा, की माणूस आडवा वाढेल तशी त्याची लांबीही थोडीथोडी वाढवत न्यायची. नुसता उभा वाढलेला माणूस त्या हिशेबात बसतच नाही. ३८ घ्यावा तर अंगात नेमका, पण एसटीत वरचा दांडा धरला की पोट उघडं. ४४ घ्यावा तर बाही कशीबशी मनगटापर्यंत येते आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. लोक विचारतात, थोरल्या भावाचा का? स्लिम फिट निघालं तेव्हा वाटलं, आले आपले दिवस. तर त्यांनी रुंदीबरोबर लांबीलाही कात्री लावलेली. पँटचं तर विचारूच नका. कमर ३० आणि लांबी ४४ म्हटलं की दुकानदार म्हणतो, "लांबीत बसंल ती कमरंत ढगळ हुईल, पट्टा लावा की."

म्हणून सांगलीत गणपती पेठेच्या आतल्या बाजूला एक शिंपी मास्तर आहेत, त्यांच्याकडं मी जातो. तिरा, म्हणजे पाठीवरनं खांद्यांची रुंदी, मोजायला ते मला स्टुलावर बसवतात, कारण उभ्यानं त्यांचा हात पुरत नाही. मग टेप सरकत जातो आणि ते ओरडतात, "लांबी ३२, छाती ३६, तिरा १८, बाही २६." वही घेऊन बसलेला पोरगा दरवेळी थांबून विचारतो, "छाती किती म्हणाला?" मास्तर न सांगता आत दीड इंच माया ठेवतात, म्हणजे पुढं उसवून वाढवायला दुमडलेलं जादा कापड. लग्नानंतर माणूस भरतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. माझ्या शर्टांतली माया अजून तशीच दुमडलेली आहे.

मास्तरांचं एक म्हणणं मला पटतं. रुंदी कमी करता येते, लांबी कुठनं आणायची? तयार कपडा घ्यायचीच वेळ आली तर बाही आणि खांदा बघून घ्यावा, कुशी, म्हणजे बाजूच्या शिवणी, नंतर आत घेता येतात. आणि सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातनं काढावंच. पहिल्या धुण्यात ते लांबीतच जास्त आटतं, आणि आटण्याची चैन परवडणारी माणसं वेगळी.

खरी पंचाईत आहेराची. ५८ इंची पन्ह्याचा, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या कापडाचा, शर्टपीस साधारण १ मीटर ६० सेंटिमीटरचा येतो, पँटपीस १ मीटर २०. देणाऱ्यानं प्रेमानं दिलेला असतो. मास्तर तो टेबलावर पसरतात, वीतभर मागंपुढं करतात आणि डॉक्टरच्या आवाजात सांगतात, "अर्ध्या बाह्याचा हुईल." आमच्या घरी माझ्या नावचे पीस हल्ली परस्पर धाकट्याच्या कपाटात जातात.

लांब माणसाला शर्ट लांब झाल्याचं उदाहरण मला एकच माहीत आहे. १९७५ च्या 'दीवार'मधला अमिताभचा निळा शर्ट शिवण्यात चुकून गुडघ्याखाली गेला होता. शूटिंग थांबवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी खाली गाठ मारली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ती गाठ पुढं फॅशन झाली. त्या काळातली बेलबॉटम हीसुद्धा लांब बारीक पायांसाठीच निघाली असावी, असं माझं ठाम मत आहे. मध्यम उंचीच्या काकांचे तेव्हाचे फोटो बघितले की ते आणखी पक्कं होतं.

धोतर न शिवता नेसायचं, म्हणजे तिथं तरी सुटका, असं वाटेल. पण घोट्यापर्यंत पोचायला कामाला येतो तो पन्हा, लांबी नव्हे. फेटा मात्र बिनतक्रार बसतो. फक्त त्यानंतर जुन्या वाड्याच्या चौकटीतनं जाताना वाकायचं विसरू नये. लग्नात फोटोग्राफर तर नाव न विचारता सांगतो, "ओ पाव्हणं, तुम्ही मागं."

चौकटींची आणि बुटक्या मित्रांशी बोलायची सवय म्हणून आमची जात पोक काढते. त्यानं उंची झाकत नाही, शर्ट तेवढा पाठीकडनं आखूड होतो आणि पुढनं लोंबतो. बारीकपणा झाकायला एकावर एक कपडे चढवणं हाही उपाय सांगतात. सांगलीच्या मे महिन्यात तो सांगणाऱ्यानं आधी करून दाखवावा.

आता विश्रामबागेकडची कॉलेजची पोरं ढगळ टी-शर्ट घालतात. खांद्याची शिवण मुद्दाम दंडावर, आणि कुणी थोरल्या भावाचं नाव काढत नाही. परवा मीही एक अंगात घालून बघितला. रुंदी ऐसपैस. हात वर केला, तर पोट उघडंच.

"वर कशाला करताय, साहेब?" दुकानदार म्हणाला. "ह्या फॅशनमध्ये हात खिशात ठेवायचे असतात."