सर्जरीच्या तिसऱ्या वर्षात शिकवायला शिकताना: माझा अनुभव

जनरल सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर अपेंडिक्स काढणं फारसं अवघड राहत नाही. अवघड असतं ते पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटकडून (निवासी डॉक्टरकडून) काढवून घेणं. सरकारी कॉलेजात रात्रीचं युनिट बऱ्याच अंशी तिसऱ्या वर्षाचाच रेसिडेंट चालवतो. इमर्जन्सी बघायची, ज्युनिअरला शिकवायचं, लेक्चररना फोन करायचा. हे कसं करायचं ते वेगळं कुणी शिकवत नाही, बघून येईल असं धरलेलं असतं. पण बघून शिकताना वरिष्ठांचं ओरडणंही तितक्याच सहज उचललं जातं. म्हणून मी ठरवून, पद्धत धरून शिकवायला लागलो. त्यातलं जे टिकलं ते इथे लिहितोय.

सुरुवात हाताने बांधायच्या नॉटपासून (गाठीपासून) केली. रॉडनी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत इथे चपखल बसते. २-० जाडीच्या सिल्कचा उरलेला धागा आणि पलंगाचा रॉड एवढं सामान पुरतं. आधी नेहमीच्या वेगात, काही न बोलता नॉट बांधून दाखवायची. मग सावकाश, प्रत्येक हालचाल बोलत. तिसऱ्या वेळी हात माझे, पण बोलणार ज्युनिअर, आणि तो सांगेल तेवढंच मी करणार. चौथ्या वेळी तो बोलत बोलत स्वतः बांधणार. घाईत तिसरी पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण तिथेच होतं. ज्या जागी तो ‘मग असं फिरवायचं’ म्हणतो, नेमका तिथेच पुढे त्याचा हात अडतो.

नॉट बिघडण्याची कारणं ठरलेली असतात. दोन्ही थ्रो (धाग्याचे वेढे) एकाच दिशेने पडले की गाठ घसरते. एका टोकावर जास्त ताण दिला तरी घसरते. सगळ्यात वाईट म्हणजे धागा वर ओढून गाठ आवळणं, त्यात रक्तवाहिनीच फाटते. तर्जनी गाठीपर्यंत खाली न्यायला हवी. हे कळावं म्हणून वरून कापलेल्या सलाईनच्या प्लास्टिक बाटलीत, तळाशी रबरी नळीचा तुकडा अडकवून त्यावर नॉट बांधायला लावायची. बाटली टेबलावरून उचलली गेली तर ताण वरच्या दिशेने जातोय. सराव ग्लोव्ह घालून आणि धागा ओला करूनच करावा, कारण कोरड्या सिल्कवर बसलेला हात रक्ताने ओल्या धाग्यावर चुकतो.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शिकवणं सुरू होतं ते हात धुताना. तेव्हा ज्युनिअरला तीन गोष्टी विचारायच्या: आज तू कुठून कुठपर्यंत करणार, कुठे अडशील असं वाटतं, आणि मी केस कधी परत घेईन. ओपन अपेंडिक्सचे मी सहा तुकडे करतो: छेद, स्नायू बाजूला करून पेरिटोनियम (पोटाचं आतलं पातळ अस्तर) उघडणं, सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात, जिथे अपेंडिक्स असतं) शोधणं, मेसोअपेंडिक्स (अपेंडिक्सच्या रक्तवाहिन्या असलेली घडी), बेस (अपेंडिक्सचं मूळ) आणि क्लोजर (थर शिवून बंद करणं). पहिल्या केसेसना छेद आणि क्लोजर त्याचे, पुढे मेसोअपेंडिक्स, बेस सर्वांत शेवटी. प्रत्येक तुकड्याला माझी मदत किती, तेही आधी सांगायचं. झ्विश नावाच्या मोजपट्टीत याच्या चार पातळ्या आहेत: करून दाखवणं, हात धरून करवून घेणं, गरजेपुरती मदत आणि नुसतं लक्ष ठेवणं. एकाच केसमध्ये क्लोजरला तो चौथ्या पातळीवर आणि बेसला पहिल्यावर असू शकतो.

पेरिटोनियमपाशी मी नेहमी वेग कमी करायला लावतो. दोन आर्टरी फोर्सेप्सनी (पकडून ठेवणाऱ्या चिमट्यांनी) ते उचलायचं, एक सोडून पुन्हा धरायचं म्हणजे आत अडकलेलं आतडं खाली पडतं, मग दोन बोटांत घडी चाचपायची आणि त्यानंतरच ब्लेड. उघडल्यावर कडा लगेच आर्टरीने धरल्या नाहीत, तर क्लोजरच्या वेळी त्या शोधण्यात वेळ जातो. पुढची चूक म्हणजे लहान आतड्याला सीकम समजून ओढत बसणं. टीनिया (मोठ्या आतड्यावरची स्नायूची उभी पट्टी) दिसली तरच सीकम, आणि ती धरून खाली गेलं की बेस सापडतोच.

केस परत घेण्याच्या अटी आधीच ठरलेल्या असाव्यात: रक्त कुठून येतंय ते दिसेना, बेसच सडलेला किंवा फुटलेला निघाला, किंवा दहा मिनिटांत काम पुढे सरकलं नाही. आधी ठरलेलं असलं की ज्युनिअरला अपमान वाटत नाही. आणखी एक, आपल्याकडे असे बरेच पेशंट स्पायनलवर (पाठीतून दिलेल्या भुलीवर) जागे असतात. ‘अरे, काय केलंस!’ हे त्यांना स्पष्ट ऐकू येतं. म्हणून ‘थांब’ हा एकच शब्द ठरवायचा. त्याचा अर्थ हात आहे तिथे स्थिर ठेव, काही काढू नकोस, काही सोडू नकोस.

केस संपल्यावर नोट्स लिहिताना दोनच मिनिटं बोलायचं. आधी त्याला विचारायचं, मग नेमकी चांगली झालेली एक गोष्ट आणि पुढच्या वेळी बदलायची एक. ‘छान केलंस’ किंवा ‘सुधारणा हवी’ यातून हाताला काहीच कळत नाही. ‘मेसोअपेंडिक्स बांधताना आर्टरी फोर्सेप्सचं टोक मला दिसत नव्हतं’ यातून कळतं.

नेतृत्वाचा कस ट्रॉमा कॉलला, म्हणजे गंभीर जखमी पेशंट येतो तेव्हा लागतो. पेशंट यायच्या आत कामं नावानिशी वाटायची. भूलतज्ज्ञ एअरवेला, एक ज्युनिअर करड्या रंगाच्या १६ नंबरच्या दोन व्हेनफ्लॉन (शिरेत घालायच्या नळ्या) आणि क्रॉसमॅचचं (रक्त जुळवण्याचं) सॅम्पल, दुसरा कपडे कापून तपासणी, सिस्टर वेळेसह नोंदी, वॉर्डबॉय मामा रक्तपेढीत. ‘कुणीतरी ब्लड पाठवा’ म्हटलं की ते कुणीच पाठवत नाही. ज्याला सांगितलं त्याने काम परत म्हणून दाखवायचं आणि झाल्यावर कळवायचं. मी पेशंटच्या पायांकडे, हात मोकळे ठेवून उभा राहतो. छातीत ड्रेन (आत साठलेलं बाहेर काढणारी नळी) घालायला मलाच जावं लागलं, तर ‘आता टीम तू बघ’ असं मोठ्याने एकाच्या नावावर सोपवूनच जायचं. हात कामात गुंतले की मॉनिटरकडे लक्ष राहत नाही.

वॉर्डासाठी ड्युटी रूममध्ये एक कागद लावावा, मला कधी उठवायचं याचा: पल्स १२० च्या वर, सिस्टोलिक (वरचं) बीपी ९० च्या खाली, लघवी ताशी ३० मिलीपेक्षा कमी, ड्रेनमध्ये ताजं रक्त, पोट कडक. शेवटची ओळ, ‘नुसती शंका आली तरी’. असा फोन आल्यावर पहाटे तीनलाही आवाज चढवायचा नाही. एकदा चढला की पुढचा फोन उशिरा येतो, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट मी पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला मोठ्याने वाचायला देतो. ज्याने टाइम आउटला (छेदाआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा) सगळ्यांसमोर तोंड उघडलंय, तो पुढे मोजणीत स्वॅब (रक्त टिपायचा गॉजचा तुकडा) कमी असल्याचंही बोलतो.

याचा खरा उपयोग तीन महिन्यांच्या जिल्हा रेसिडेन्सीत, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाच्या काळात होतो. तिथली टीम नवी, आणि ओटीच्या सिस्टरचा अनुभव आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. जाण्याआधी इन-चार्ज सिस्टरना फोन करून विचारून घ्यावं: भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असतात का, रक्तपेढी किती लांब, सक्शन आणि डायथर्मी (विजेने रक्त थांबवणारं यंत्र) किती चालू, आणि रेफर करायचं ठरलं तर ॲम्ब्युलन्सला किती वेळ लागतो.