अर्धा सूत

१४ जुलै

सकाळी जुनी पत्रे काढण्यासाठी लिहिण्याच्या टेबलाचा उजवा खण ओढला, तेव्हा तो किंचित अडखळत बाहेर आला. मे महिन्यात हाच खण एका बोटाने आत सरकत असे, आणि त्याच्या वरच्या कडेला राहिलेली फट पाहून मी मिस्त्रींकडे तक्रार केली होती. ती फट आज दिसत नाही.

पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा सागवानाची एक तुळई माझ्या वाट्याला आली. भवानी पेठेतल्या वखारवाल्याला ती विकून मोकळे व्हावे, असा घरातल्या सर्वांचा सल्ला होता. मी मात्र तिचे टेबल करून घ्यायचे म्हणून ती टेम्पोत घालून कात्रजच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पहिल्या दिवशी करवत हातात घेतलीच नाही. लोहचुंबक फिरवत, जागोजागी खडूने खुणा करत ते तुळईभोवती हिंडत राहिले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी सतरा खिळे उपसून काढले. आत राहिलेला एक खिळा रंध्याच्या मशिनचे पाते खराब करायला पुरेसा असतो, आणि सागवानात सिलिकाचा अंश असल्यामुळे पात्याची धार तशीही लवकर जाते.

लाकूड माझे असूनही मजुरीचा आकडा दुकानातल्या तयार टेबलाच्या किमतीहून मोठा होता, आणि मी तो बोलून दाखवला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. दुरुस्तीसाठी आलेल्या कोणाच्या तरी कपाटाचे दार त्यांनी माझ्यासमोर ठेवले. बिजागरीचे स्क्रू निघून आले होते आणि त्या जागी पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा, भुगा झाला होता. “ताई, इथे पुन्हा स्क्रू कुठे मारू?” एवढेच त्यांनी विचारले. मी निम्मी रक्कम आगाऊ दिली. हिशेब त्यांची मुलगी पाहते. आराखडा, मापे आणि पैशांची पोच हे सगळे तिच्याकडून व्हॉट्सॲपवर येते, मिस्त्री फोन क्वचितच उचलतात.

खणांचे कोपरे त्यांनी डव्हटेलने जोडले आहेत, म्हणजे एका फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे दाते काढून ते दुसरीच्या खाचांत बसवले आहेत. खण ओढताना जोर नेमका दर्शनी फळीवर येतो आणि त्या दिशेने हे दाते निसटू शकत नाहीत. पायांना आडव्या पट्ट्या कुसू काढून, म्हणजे टोकाला जीभ कोरून ती पायातल्या खाचेत घालून, बसवल्या आहेत. टेबलाचा पृष्ठभाग मात्र त्यांनी सांगाड्याला चिकटवलेला नाही; खालून स्क्रू आहेत आणि त्यांची भोके मुद्दाम लांबट ठेवलेली आहेत. याचे कारण मला तेव्हा कळले नव्हते. वाड्यात पिढ्यानपिढ्या राहिलेले लाकूड वाळून कधीच स्थिर झाले असणार, आता त्यात बदल तो काय होणार, अशी माझी पक्की समजूत होती.

मिस्त्रींनी ती मोडून काढली. लाकूड कितीही जुने असले तरी पावसाळ्यात हवेतली ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. त्याची लांबी जवळजवळ तेवढीच राहते, पण रुंदी कमी-जास्त होते. दोन फूट रुंदीच्या पृष्ठभागात हा फरक दोन-तीन सुतांपर्यंत जाऊ शकतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. स्क्रू जागेवर घट्ट जखडले, तर लाकूड स्वतःच चिरून वाट काढते. सहा इंच उंचीच्या खणाला त्यांनी मे महिन्यात अर्धा सूत जागा सोडली होती, ती या जुलैसाठी.

दुपारी मुलीच्या फोनवर त्यांच्याशी बोलणे झाले. खण अडखळतो म्हटल्यावर त्यांनी आधी पाऊस किती आहे ते विचारले, आणि मग ताकीद दिली की कोणाही सुताराला बोलावून खणावर रंधा मारून घ्यायचा नाही, नाहीतर दिवाळीनंतर खण खुळखुळायला लागेल. खणाच्या खालच्या कडांवर मेणबत्ती घासायला सांगितली. तसे केले आणि खण सरळ सरकू लागला.

चपडा लाखेच्या पॉलिशवर गरम भांडे ठेवू नका, हेही त्यांनी बजावले होते. पृष्ठभागावरचा चहाच्या कपाचा पांढुरका गोल डाग मी त्यांना अजून सांगितलेला नाही.