मालकांची सही

ब्राझीलची सतरा वर्षांची मुलगी २०२३ च्या जुलैपासून चार महिने आमच्या घरी राहून गेली. भेटेल तो विचारतो, तिला आपलं तिखट चाललं का, भाषेचं कसं केलं. तिखट चाललं. भाषेचं नंतर सांगते. माझ्या डोक्यातून अजून गेला नाही तो फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुणा घरी आल्याचं सरकारला कळवायचा कागद.

आमची मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, वरची खोली रिकामी पडली. ह्यांचे मित्र रोटरी क्लबात आहेत, त्यांनी विचारलं, परदेशातून शिकायला येणारी एक मुलगी ठेवून घ्याल का? रोटरीच्या या योजनेत १५ ते १९ वयाची मुलं वर्षभरासाठी येतात आणि दोन-तीन घरांत वाटून राहतात. यजमानांना पैसे मिळत नाहीत. (आमच्या गल्लीत अजूनही कुणाचा यावर विश्वास नाही.) घर बघायला दोघीजणी आल्या. स्वतंत्र पलंग आहे का, बाथरूमची कडी नीट लागते का, घरात मोठी माणसं कोण कोण, सगळं विचारलं. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. खालच्या खोलीत भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते, त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एकीची नजर तिथे गेली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "पोरगी वर झोपणार आहे." तो विषय तिथेच मिटला. अर्ध्या तासात आम्ही पास.

मग क्लबातल्या एकांनी जाता जाता सांगितलं, "वहिनी, तेवढं फॉर्म सीचं बघा हं." तेवढं!

परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांच्या आत यजमानाने कळवायचं. हॉटेल असो की राहतं घर, नियम एकच. फॉर्म ऑनलाइन. मुलगी शनिवारी येणार, मी गुरुवारी रात्री जेवणं आटोपून लॅपटॉप घेऊन बसले. तेव्हा कळलं की आधी यजमान म्हणून आपली नोंदणी करायची, ती नोंदणी अधिकाऱ्याने मंजूर करायची, आणि मग फॉर्म भरायचा. म्हणजे २४ तासांच्या कामाआधी एक वेगळंच काम आहे, आणि ते किती तासांचं ते कुठेच लिहिलेलं नाही. ही नोंदणी महिनाभर आधी करून ठेवा. पाहुण्याचं तिकीट निघालं त्या दिवशीच करा.

त्यात निवासाचं नाव विचारतात. निवासाचा प्रकार, दर्जा आणि क्षमताही विचारतात. हॉटेलवाल्यांसाठी केलेला रकाना, आम्ही त्यात काय भरणार? आमच्या घराला नाव नाही. सासूबाईंनी 'श्रमसाफल्य' सुचवलं, तेच टाकलं. दारावर पाटी नाही, पण सरकारदरबारी आम्ही श्रमसाफल्य.

पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल जोडलं. शुक्रवारी दुपारपर्यंत काही हललं नाही म्हणून कार्यालयात गेले. (कार्यालयाचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती.) खिडकीतल्या गृहस्थांनी बिल उलटसुलट बघितलं.

"हे कोण?"

"माझे सासरे."

"मग मालकास्नी घेऊन या की. सही लागंल."

"ते वारले. अकरा वर्षं झाली."

त्यांनी पुन्हा बिलाकडे बघितलं. "बिल भरताय न्हवं?"

"भरतोय."

"मग नाव का बदललं नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगलीत बिलावर हयात माणसाचं नाव असलेली किती घरं आहेत, ते मला बघायचंय! घराचे जुने कागद दाखवावेत, तर ते खालच्या कपाटात होते, आणि ते कपाट २०१९ ला पाण्यात होतं. खरेदीखत आम्ही गच्चीवर दगड ठेवून वाळवलं होतं, आता ते पापडासारखं दिसतं आणि तितकंच वाचता येतं.

मिळकत पत्रिका डिजिटल सहीची ऑनलाइन मिळते, ती त्या रात्री काढली. त्यावर वारस म्हणून ह्यांच्यासोबत दीर आणि नणंदही. म्हणजे दोघांची संमती. दीर इचलकरंजीचे, त्यांनी सही करून फोटो पाठवला. नणंदबाईंनी आधी तासभर विचारलं की कागद नेमका कशाचा आहे, आणि घर विकत तर नाही ना. ब्राझीलच्या मुलीसाठी आहे म्हटल्यावर त्यांचा संशय वाढलाच.

शनिवारी सकाळी मुलगी आली. मी तिला ओवाळलं, हातात चहा दिला आणि तिचा पासपोर्ट मागितला. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो पहिल्याच तासात काढून घ्या, नंतर त्या वह्या कुठल्या बॅगेत जातात देव जाणे. यजमान म्हणून नोंदणीचा आयडी मंजूर नव्हताच. मग फॉर्म सी हाताने भरला, मिळकत पत्रिका आणि संमतीपत्रं जोडली आणि २४ तास भरायच्या आत नेऊन दिला. पोच घेतली. तारीख आणि वेळ दोन्ही टाकायला लावली. तेव्हा ते गृहस्थ हसले, पण वेळ टाकली.

मंगळवारी आयडी मंजूर झाला आणि तोच फॉर्म पुन्हा ऑनलाइन भरला.

आता वाटेल संपलं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर मुलीची स्वतःची नोंदणी वेगळी, आल्यापासून १४ दिवसांत. तीही ऑनलाइन. तिला लागलं शाळेचं पत्र, फॉर्म सीची प्रत आणि पत्त्यासाठी पुन्हा लाइट बिल. या वेळी मात्र मी बिलाला मिळकत पत्रिका आणि संमतीपत्रं आधीच जोडून ठेवली होती. बाराव्या दिवशी अर्ज गेला आणि त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. शाळेच्या पत्रावरचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आमच्या पत्रात तिच्या आडनावातलं एक अक्षर कमी होतं, त्यात दोन दिवस गेले. आता २०२५ चा नवा कायदा आला आहे, तेव्हा फॉर्मचं नाव आणि नियम भरण्याआधी ताजे बघून घ्या.

हां, भाषेचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला म्हणाल्या, "बालदी आण." पोरगी सरळ गेली आणि बादली घेऊन आली. आम्ही बघतच राहिलो. तिच्या पोर्तुगीजमध्ये बादलीला 'बाल्दे' म्हणतात. चावीला 'शावी'. बटाटा तर बटाटाच. त्यानंतर आठवडाभर दोघी घरभर हिंडून वस्तूंना हात लावून नावं जुळवत होत्या, आणि मी मात्र त्यांना, "जरा थांबा, आधी स्कॅन करू दे," म्हणत होते.

नोव्हेंबरात ती मिरजेच्या दुसऱ्या घरी गेली. घर बदललं की फॉर्म सी नव्याने, तो त्या घराने भरायचा. तिथल्या वहिनींचा आदल्या आठवड्यात फोन आला. खोलीत पंखा कुठे लावू, ती दूध घेते का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, "ते राहू द्या. तुमचं लाइट बिल कुणाच्या नावावर आहे?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्यांच्या. का हो?"