बीएसए एम२० चं इंजिन बांधलं, पण जीव खाल्ला मॅग्नेटोनं : माझा अनुभव

तुमची जुनी ब्रिटिश गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होत असेल, वाटेत झकास पळत असेल आणि टपरीवर बंद केली की चहा संपल्यावर काही केल्या सुरू होत नसेल, तर कार्बोरेटरला हात लावू नका. हे मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण मला भेटलेल्या प्रत्येक माणसानं कार्बोरेटरच खोलायला सांगितला होता. 'पेट्रोल गॅस होतंय', 'जेट मोठा टाका', 'आता पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, त्याचं आहे हे'. इथेनॉलबद्दल माझीही तक्रार आहे, जुने रबरी पाइप ते खराब करतं. पण इथं त्याचा काही संबंध नव्हता. दोष होता मॅग्नेटोत, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट पुरवणाऱ्या यंत्रात.

गाडी म्हणजे बीएसए कंपनीची एम२० मोटरसायकल, दुसऱ्या महायुद्धातली, डब्ल्यूएम२० नंबरची. व्हॅल पेज या इंजिनिअरनं आखलेलं हे मॉडेल १९३७ सालच्या गाड्यांत आलं आणि युद्धात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून सव्वा लाखाच्या आसपास गाड्या फौजेसाठी बाहेर पडल्या. ८२ मिलिमीटरचा बोअर, ९४ चा स्ट्रोक, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन अगदी कमी. पळण्यासाठी नाही, न थांबता जाण्यासाठी केलेलं इंजिन. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांतली ही एक माझ्या मामांकडे आली आणि पुढं कित्येक वर्षं त्यांच्या गोठ्यात कडब्याखाली पडून राहिली.

इंजिनाचं मुख्य काम कोल्हापुरात सुरळीत झालं. ऑइल इंजिनांवर हात बसलेली माणसं शिवाजी उद्यमनगरात अजून आहेत. सिलिंडर बोअर करून वर होनिंग, क्रँक ट्रू, व्हॉल्व्हच्या सीट, सगळं वेळेत. मिस्त्रींनी क्रँककेस खोलल्यावर तळाशी साचलेला काळा गाळ बोटावर घेऊन मला दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, ह्यानंच बिग एंड गेलंय." बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग. एवढंच. या टप्प्यावर मला लिहायला काही नाही.

फक्त पान्यांचं सांगतो. या गाडीवर मेट्रिक पाना चालत नाही. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही. पाव इंची व्हिटवर्थचा नट रुंदीला साधारण १३.३ मिलिमीटर भरतो. म्हणजे १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा घसरून नटाचे कोपरे गोल करतो. 'साहेब, नवीन मेट्रिक आटे पाडून देतो, कटकट मिटेल' असं कोणी म्हणालं तर गाडी उचलून घरी आणा. बऱ्याच बोल्टांना इंचाला २६ आटे आहेत, ते तसेच राहू द्या.

तर इंजिन बांधलं, सुरू झालं, आवाज मस्त. गावात फिरवली, काही नाही. मग पन्हाळ्याला नेली. घाट चढेपर्यंत गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. नाक्यावर पावती फाडायला इंजिन बंद केलं आणि तिथंच अडकलो. किक मारून मारून पोटरी भरून आली, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. कडेला घेतली, भजी खाल्ली, इंजिनाला हात लावता येईल इतकं ते थंड झालं, आणि पुन्हा पहिल्या किकला सुरू! पुढच्या प्रत्येक फेरीला हेच. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, टॅपेटचा गॅप बघितला. फरक शून्य.

पुढचं जरा सावकाश वाचा, सगळा घोळ इथं आहे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतः करंट तयार करतो. फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये दोन कॉइल असतात आणि त्याच आर्मेचरच्या टोकाशी, पितळी झाकणाच्या आत, एक कंडेन्सर बसवलेला असतो. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडले की आतल्या कॉइलचा करंट झटक्यात तुटायला हवा, तरच बाहेरच्या कॉइलमध्ये प्लगसाठी जोरदार व्होल्टेज उठतं. तो झटका कंडेन्सर झेलतो. कंडेन्सर म्हातारा होऊन गळायला लागला की करंट पॉइंटमध्येच जळतो आणि प्लगकडे उरलंसुरलं जातं. थंड असताना गळती कमी, तापला की वाढते. शिवाय मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं किक मारताना त्याचा करंट मुळातच सर्वांत कमजोर. गाडी चालू असते तोवर वेग असतो म्हणून निभावतं. बंद केली की संपलं. आणि हा मॅग्नेटो बसवलाय कुठं, तर तापलेल्या सिलिंडरच्या पाठीशी!

मीटर लावून हे सापडत नाही. आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स जेमतेम अर्धा ओहम, आणि कंडेन्सर तिलाच समांतर जोडलेला. मीटर कॉइलच दाखवणार. म्हणून इलेक्ट्रिशियन खुशाल सांगतो, 'मॅग्नेटो ओके आहे.' आर्मेचर सोडवून कंडेन्सर वेगळा केल्याशिवाय त्याची तपासणी होत नाही.

मी घरगुती परीक्षा केली. मॅग्नेटो काढून आणला, प्लगची वायर बॉडीपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली आणि गिअर हातानं झटकन फिरवला. निळी, कडक ठिणगी. मग तोच मॅग्नेटो एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पत्र्यावर ठेवला. दुपारी पुन्हा फिरवला तर ठिणगी पिवळी, बारीक, दोनदा पडून तिसऱ्यांदा गायब. आणि पॉइंटमध्ये मात्र दिवाळी. आत बघितलं तर कॉइलवरचं जुनं लाखेचं वॉर्निश उन्हानं पाघळून काकवीसारखं झालं होतं. नखानं दाबलं तर नख आत गेलं. ते वितळून आर्मेचर बॉडीला चिकटल्याचे प्रकारही होतात, तेव्हा रिवायंडिंग, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळणं, लागणार हे नक्की झालं.

इथून पुढचं लिहिताना मला अजून राग येतो. मुंबईतल्या एका नावाजलेल्या रिवायंडिंगवाल्यांकडे आर्मेचर पाठवलं. पार्सलमध्ये चिठ्ठी ठेवली, मोठ्या अक्षरांत: 'कॉइल नवीन गुंडाळा आणि कंडेन्सर बदला.' मग फोन सुरू झाले. "काका, झालं का हो?" "तार मागवलीय." पुढच्या वेळी, "माणूस गावाला गेलाय." मग गणपती आले. मग, "वॉर्निश वाळतंय, पावसाळी हवा आहे ना." दिवाळीत मीच जाऊन उभा राहिलो, तर माझं आर्मेचर कपाटाच्या वरच्या फळीवर, माझ्याच चिठ्ठीत गुंडाळलेलं, होतं तसं. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुम्ही फार घाई करता बुवा."

शेवटी आर्मेचर आलं. दिसायला देखणं, नवं कोरं वॉर्निश चकाकतंय. गाडीला बसवलं, घाट चढवला, बंद केली, आणि तीच रड! पॉइंटमध्ये तेच जळणं. फोन केला तर म्हणाले, "कंडेन्सर चांगला होता, मग कशाला बदलायचा?" थंड टेबलावर तपासला होता त्यांनी. बिलात मात्र कंडेन्सरचे पैसे लावले होते.

हे काम ज्यानं सोडवलं तो विंटेजवाला कोणी मोठा तज्ज्ञ नव्हता. इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटारी गुंडाळणारा एक पोरगा, जन्मात मॅग्नेटो बघितलेला नव्हता. त्याला मी वरचा सगळा हिशेब कागदावर काढून दिला. तो म्हणाला, "दादा, मोटारीचा कंडेन्सर गेला की बदलतो, ह्यात काय वेगळं?" त्यानं पितळी झाकण उघडलं, जुना कंडेन्सर काढून इन्सुलेशन टेस्टरला लावला, गरम हवेचा झोत मारला, आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला, म्हणजे तापल्यावर गळती. नवीन बसवला तो ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅराडच्या मधला, ६३० व्होल्टचा, झटके सहन करणारा. पंख्याचा स्वस्त कंडेन्सर घालू नका, मापालाही बसत नाही आणि कामालाही येत नाही. त्या पोरानं घेतलेली मजुरी मुंबईच्या पार्सलखर्चाइतकीही नव्हती. परत गच्चीवरच्या पत्र्यावर तापवून बघितलं तर ठिणगी निळीच. त्या दिवशी मी त्या पोराला पेढे नेऊन दिले.

मॅग्नेटो परत बसवताना टायमिंग लावावं लागतं, कारण गिअर नुसत्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, बसतो, त्याला जागेवर अडकवणारी चावी (की) नसते. पॉइंटचा गॅप १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हँडलवरचा, ठिणगी लवकर (ॲडव्हान्स) की उशिरा (रिटार्ड) पडावी हे ठरवणारा लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सवर, पिस्टन वरच्या टोकाच्या ७/१६ इंच, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर, आधी, आणि त्या क्षणी पॉइंट नुकते सुटायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरायचा. तो हलकेच सुटला की नट आवळायचा, आवळताना गिअर हलला नाही ना हे परत बघायचं. किक मारताना लिव्हर रिटार्डवर घ्या, नाहीतर ती उलटी मारते आणि घोट्याची वाट लागते.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. ते खालच्या प्लगमधून काढून परत टाकीत ओता आणि मगच किक मारा. नाहीतर धुराच्या लोटात शेजारी खिडक्या लावून घेतात. कागदपत्रांचं, २०२१ नंतर विंटेज गाड्यांना मिळणाऱ्या व्हीए नंबरांचं विचारू नका, ती वेगळी रामकहाणी आहे.

आणि हे खरं तर वरच सांगायला हवं होतं: आर्मेचर बाहेर ओढण्याआधी प्लगच्या वायरचा पिकअप, अर्थिंगचा कार्बन ब्रश आणि बॉडीत बाजूनं घुसलेला सेफ्टी गॅपचा छोटा स्क्रू, तिन्ही काढा. पिकअप आणि ब्रश सगळ्यांच्या लक्षात येतात, स्क्रू मळाखाली दिसतच नाही. तो आत असताना ओढलंत तर स्लिपरिंगची, म्हणजे पिकअपला करंट देणाऱ्या आर्मेचरवरच्या कड्याची, कड तुटते, आणि मग तुम्ही परत कोणत्या तरी काकांच्या फळीवर.