चिआंग माईत भाड्याची स्कूटर घेताना

थायलंडमध्ये भाड्याची स्कूटर मिळवणं टपरीवर पान लावून घेण्याइतकं सोपं आहे. पैसे टाका, किल्ली घ्या. लायसन्स आहे का, हे बहुतेक दुकानदार विचारतसुद्धा नाहीत. ते विचारतात पोलीस आणि, अपघात झालाच तर, विमा कंपनी. म्हणून आम्ही दोघांनी चिआंग माईहून पाई या डोंगरातल्या गावी जायचं ठरवलं तेव्हा सुरुवात दुकानापासून न करता आरटीओपासून केली.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटचा अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर होतो. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. खिडकीवर व्हिसाची प्रत मागितली. भारतीय पर्यटकांना तेव्हा थायलंडला व्हिसाच लागत नव्हता, मग प्रत आणणार कुठून? ही अट केंद्राने जानेवारी २०२१ मध्येच काढली आहे. ती अधिसूचना मी छापून नेली होती. कागद दोन टेबलं फिरून आला आणि काम झालं. परमिटची पुस्तिका हातात पडल्यावर आधी दुचाकीचा रकाना बघा. मूळ लायसन्सवर फक्त कार असेल तर तो रकाना कोराच राहतो, आणि तिथल्या पोलिसांच्या लेखी स्कूटरवर तुम्ही विनापरवाना.

खरा वेळ गेला तो विम्यात. एजंटला फोन केला, “काका, तिकडे स्कूटर चालवताना पडलो तर पॉलिसी पैसे देणार का?” काका म्हणाले, “देणार की! तुम्ही बिनधास्त जा.” बिनधास्त हा शब्द विम्याच्या माणसाने उच्चारला की मला घाम फुटतो. तोच प्रश्न ईमेलवर लेखी विचारला. उत्तरात तीन अटी आल्या: त्या देशात चालणारं दुचाकीचं लायसन्स हवं, डोक्यावर हेल्मेट हवं आणि इंजिन १५० सीसीच्या आतलं हवं. शिवाय दारू प्यायलेली असेल तर विषय संपला. पॉलिसीनुसार या अटी बदलतात, काहींमध्ये दुचाकी मुळातच वगळलेली असते. कुठली गाडी घ्यायची हे आमच्यासाठी त्या ईमेलनेच ठरवलं. मोठी बाइक बाद, १२५ सीसीची होंडा क्लिक नक्की.

हेल्मेट मी घरूनच नेलं. ज्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, तिथला माणूस विमानतळावर काखोटीला हेल्मेट मारून उभा, हे बघून बायको चार पावलं लांब उभी राहिली होती. दुकानातली हेल्मेटं पाहिल्यावर मात्र तिचा सूर बदलला. बहुतेक अर्धी टोपी, आत स्पंजाचा भुगा, पट्ट्याचं बक्कल लागत नाही. तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊन पूर्ण चेहऱ्याचं घेतलं आणि ते डोक्यावर घट्ट बसेपर्यंत दुकानातली निम्मी हेल्मेटं घालून पाहिली.

पहिल्या दुकानात पासपोर्ट तारण मागितला. तिथे ही सर्रास चालणारी पद्धत आहे, पण आपल्या पासपोर्टवर स्पष्ट छापलेलं असतं की तो भारत सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तू माझी नाहीच ती मी गहाण कशी ठेवू? आणि एकदा तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला की ओरखड्याची किंमत ते सांगतील तीच. तिथून निघालो. पुढच्या गल्लीतली मावशी तीन हजार बाहत अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर तयार झाली. अनामतीची पावती लिहून घेतली.

मग कागद. गाडीच्या कराच्या स्टिकरवर २५६८ साल दिसलं. तिथलं बौद्ध वर्ष आपल्या इसवी सनाच्या ५४३ पुढे असतं, म्हणजे २०२५, चालू होतं. तिथला सक्तीचा विमा, ज्याला ‘पो रो बो’ म्हणतात, फक्त माणसांच्या इजेसाठी असतो, तोही मर्यादेपर्यंत. गाडी मोडली किंवा चोरीला गेली तर त्यातून छदामही मिळत नाही. दुकानं वर ‘फुल इन्शुरन्स’ म्हणून विकतात ती बऱ्याचदा दुकानदाराचीच तोंडी हमी असते. म्हणून चोरी झाली तर किती आणि आरसा फुटला तर किती, हे मावशीकडून करारावर आकड्यात लिहून घेतलं. ती हसली, पण लिहिलंन.

गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला, मावशीलाही त्यात घेतलं. प्रत्येक ओरखडा, पायाखालचा भाग, सायलेन्सर, पेट्रोलचा काटा, किलोमीटर. मागचा टायर गुळगुळीत निघाला, म्हणून दुसरी गाडी मागितली. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघितले, ब्रेक लाइट बायकोने मागे उभं राहून पाहिला.

लगेच घाटात गेलो नाही. आधी जुन्या शहराच्या खंदकाभोवती सराव केला. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. बाहेरचा रस्ता घड्याळाच्या दिशेने, आतला उलट, त्यामुळे पाणी कायम उजव्या हाताला. एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही. हॉर्न मात्र कुणी वाजवत नाही, त्याची सवय व्हायला आपल्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी शहराजवळच्या डोई सुथेप या डोंगराचा चढ, मागे माणूस बसवून.

पाईचा १०९५ क्रमांकाचा रस्ता ७६२ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. तो आकडा छापलेले टी-शर्ट पाईत मिळतात. गुडघ्याला आणि कोपराला बँडेज बांधलेले पर्यटकही तिथे तितकेच दिसतात. उतारावर गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा रोध कमी मिळतो, सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून ढिला पडतो. म्हणून वळणाच्या आधी दाबायचा, मग सोडायचा. मिनीव्हॅन मागून आली की डावीकडे सरकून तिला जाऊ द्यायचं, तिच्याशी शर्यत नको. फोनमध्ये १६६९ ही रुग्णवाहिका आणि ११५५ हे पर्यटक पोलीस नोंदवून ठेवले होते, लागले नाहीत. शहराबाहेर पडताना नाका लागला. पोलिसाने परमिट आणि मूळ लायसन्स दोन्ही मागितली, बघून सोडलं. आमच्या पुढचं जोडपं दंडाच्या पावतीसाठी बाजूला उभं होतं.

परत देताना मावशीच्या मुलाने पायाजवळच्या प्लास्टिकवर बोट ठेवलं. व्हिडिओत तो चरा होता. अनामत पूर्ण मिळाली.

परमिटची मुदत अजून शिल्लक आहे म्हणून बायकोने व्हिएतनामच्या ‘हा जियांग’ या डोंगराळ भागाचा विषय काढलाय. पण आपली पुस्तिका १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असते, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातली मानतो. म्हणजे तिथे चालवायला मिळाली तरी विमा नाही. जायचं ठरलंय, फक्त तिथल्या स्थानिक चालकांच्या मागच्या सीटवर, दोघांना दोन गाड्या.