मायनिंगच्या मातीत कोळसा घालून पाहिला

आमचं शेत गोव्यात डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणीच्या डंपाखालच्या उतारावर. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो, त्याचे हे ढीग. पाऊस लागला की त्यांची लाल माती ओहोळातून शेतात उतरते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीजचं नूतनीकरण रद्द केलं, पण डंप होते तिथेच राहिले. खाण बंद, म्हणजे गाळही बंद, असं बाहेरच्या लोकांना वाटतं.

गाळ बसलेल्या वाफ्यात भात लावलं की खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके यायचे, मग अख्खं पान तांबूस व्हायचं. रोप उपटलं तर मुळांना गंजाचा थर. साचलेल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसे. काठी लावली की त्याचे पापुद्रे होऊन तुटत. खरं तेल असतं तर ते पुन्हा एक झालं असतं, हा लोहाचा तवंग. पाण्याखाली मातीतला ऑक्सिजन संपतो, लोह विरघळतं आणि रोप ते नको तितकं ओढून घेतं. आपली जांभ्याची माती मुळात आम्ल, त्यामुळे त्रास आणखी वाढतो.

माती तपासून घेतली तेव्हा चुन्यासोबत बायोचारचं नाव कानावर आलं. सुका कचरा कमी हवेत भाजून केलेला हा कोळसा असतो अल्कधर्मी, आणि त्याच्या बारीक छिद्रांना व पृष्ठभागाला धातू धरून ठेवता येतात.

घरी करवंट्या आणि झावळ्यांचे देठ भरपूर होते. शेताच्या कडेला निमुळता खड्डा खणला, तळाशी जाळ केला आणि वर सुकं साहित्य थोडं थोडं घालत गेलो. वरच्या थराच्या कडा राखेने पांढऱ्या दिसू लागल्या की पुढचा थर. ज्वाळा वर राहिली तर धूर जवळजवळ येत नाही. धूर सुटला तर साहित्य ओलं आहे किंवा घाई झाली आहे. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं, नाहीतर सगळ्याची राख होते. चांगला कोळसा बोटांत चुरला तर नुसत्या पाण्याने हात स्वच्छ होतो. चिकट राहिला तर तो नीट भाजलेला नाही. काजूची टरफलं मात्र खड्ड्यात घालू नका, त्यातलं तेल कातडीला आणि डोळ्यांना बाधतं.

खरा घाम काढला तो वजनाने. हेक्टरी दहा टन म्हणजे चौरस मीटरला एक किलो. सुक्या मालाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच कोळसा मिळतो, म्हणजे शंभर चौरस मीटरला चार-पाच क्विंटल सुकं साहित्य लागतं! म्हणून एकाच वाफ्यात घातला, तोही शेणखतात महिनाभर मुरवून. कोरडा कोळसा टाकला तर तो आधी मातीतलं नत्रच शोषतो.

त्या हंगामात शेजारच्या वाफ्यापेक्षा पानं उशिरा आणि कमी तांबूस झाली, फुटवे जास्त आले. तवंग पूर्ण गेला नाही. पाणी अधूनमधून काढून टाकलं, त्याचाही वाटा असणार. सगळं श्रेय कोळशाला देणं मला पटत नाही. शिवाय लोह कुठे जात नाही, नुसतं अडकून राहतं. डंपावरून नवी माती येत राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बायोचार हाताशी आहे म्हणून डंप तसेच सोडायला कोणी निघालं, तर मी विरोध करेन.

इतरत्र खाणीच्या मातीत आर्सेनिक असेल तर कोळसा घालण्याआधी तपासणी करून घ्याच, अल्कधर्मी झालेल्या मातीतून ते सुटून पाण्यात येऊ शकतं.

सध्या आम्ही शेजारचे मिळून ओहोळाच्या तोंडाशी दगडी बांध घालतोय, त्यामागे गाळ बसायला खड्डा. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी हंगामातलं, भात कापून झालं की दुसरा वाफा धरायचा आहे, तोवर करवंट्या साठवतोय.