तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या गाइडबुकात वाचायचं काय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची प्रवासाची गाइडबुकं कशाला जमवायची, असं हमखास विचारलं जातं. हॉटेलं बंद पडली, भाडी बदलली, काही देशही नकाशावरून गेले; मग वाचायचं काय? तर तेच वाचायचं. हॉटेलं आणि भाडी.

सुरुवात बेडेकरपासून करावी. (लोणच्याशी संबंध नाही. कार्ल बेडेकर हा जर्मन प्रकाशक; १८२७ साली कोब्लेंझमध्ये त्याने धंदा सुरू केला, १८७२ साली बिऱ्हाड लाइपझिगला हललं.) लाल कापडी बांधणी, कोटाच्या खिशात मावेल असा आकार, पातळ कागद. बघण्याजोग्या जागेपुढे एक तारा, चुकवू नये अशा जागेपुढे दोन. फोटो शोधाल तर निराश व्हाल; इथली चित्रं म्हणजे घडीचे नकाशे, शहरांचे आराखडे आणि डोंगररांगांचे लांबलचक पट, म्हणजे पॅनोरमा.

नवखा वाचक कादंबरीसारखा पान एकपासून सुटतो आणि तिसाव्या पानावर पेंगतो. ही पुस्तकं मार्गांनुसार लावलेली असतात. म्हणून एकच मार्ग घ्या आणि त्याच्याच वेगाने चला. स्वित्झर्लंडच्या पुस्तकातला रिगी पर्वत त्यासाठी उत्तम. लुसर्नहून बोटीने फिट्सनाऊ, तिथून दातेरी रुळांची आगगाडी. ही १८७१ साली सुरू झाली, पण शिखरापर्यंत पोचली १८७३ साली. म्हणजे हातातली आवृत्ती कोणत्या सालची, यावर शेवटचा टप्पा गाडीने की पायी हे ठरतं. साल आधी बघा.

वर पोचलात की पट उलगडा. त्यावर शिखरांची नावं ओळीने छापलेली असतात. त्यातलं एक, समजा टिटलिस, नकाशावर शोधा आणि रिगीपासून तिथवर दोरा ताणून धरा. मधे कोणतं तळं आलं, कोणती दरी आली ते टिपा. अशी पाच-सहा शिखरं झाली की तो पट शोभेचा राहत नाही; आपण उभे कुठे आणि तोंड कुठे, हे कळायला लागतं.

मग बारीक टाइप. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी आवृत्त्यांत हॉटेलांच्या दरांत आर., एल., ए. अशी अक्षरं दिसतात. आर. म्हणजे रूम, खोली; ए. म्हणजे अटेंडन्स, नोकरांची सेवा; आणि एल. म्हणजे लाइट, उजेड! मेणबत्तीचे पैसे बिलात वेगळे लागायचे. त्या काळच्या प्रवाशाचं पाकीट या तीन अक्षरांत जेवढं कळतं तेवढं वर्णनांच्या पानांत कळत नाही.

विकत घेताना एक करा. आत किती नकाशे, किती आराखडे, किती पट आहेत ते मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानावरच छापलेलं असतं. तो आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळवा. नकाशे फाडून वेगळे विकले जातात, त्यामुळे नेमका हवा तोच नसतो. घडी जिथे दुसरी घडी ओलांडते तिथे कागद आधी उसवतो. त्याला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ हाच उपाय. फुकटच्या स्कॅनमध्ये वेगळीच गंमत होते. घडीचे नकाशे बरेचदा न उलगडताच स्कॅन केलेले असतात. स्वित्झर्लंडपुरती तरी सोय आहे : स्विसटोपो या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले नकाशे सालवार बघता येतात.

आपल्याकडचं हवं असेल तर इंग्रजांचा मरे, म्हणजे लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाची गाइडबुकं. बेडेकरने भारतावर पुस्तक काढलं ते १९१४ साली, आणि तेही फक्त जर्मनमध्ये. मरेचं मुंबई इलाख्याचं १८५९चं आणि १८८१चं, अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मुंबई-पुणे मार्ग काढा. १८५९ साली रुळ खोपोलीपर्यंत होते आणि पुढे खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत. मधला बोरघाट पालखीने नाहीतर तट्टावरून चढायचा. १८६३ साली घाटातून रेल्वे गेली. १८८१च्या प्रवाशाला सामान उतरवायची गरज उरली नव्हती. घाटात गाडी दिशा उलटून पुढे जायची त्या रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत खिडकीतून दरी बघत बसायचं, एवढंच.